ओक साहेबांच्या गाडीचा काळा धूर

चाळीस वर्षं पेट्रोलचा वास घेतलेल्या माणसाला अत्तरातलं काही कळत नाही. पुतणीच्या लग्नात कुणी तरी माझ्या मनगटाला अत्तर लावलं, तेव्हा मी हात नाकाशी नेऊन ‘मिक्शर रिच आहे’ असं म्हणालो, अशी गोष्ट आमची शोभा सगळ्या नातेवाइकांत सांगत असते. मी तसं म्हणालो नव्हतो. मनात आलं होतं, एवढं खरं.

माझं गॅरेज धायरी फाट्याच्या अलीकडे. आता ते पुतण्या चालवतो. मी सकाळी जातो, खुर्ची टाकून बसतो आणि त्याच्या कामात चुका काढतो. या अंकाच्या संपादकांनी अनुभव लिहायला सांगितलं आणि वर बजावलं, की तांत्रिक नको, घरातल्या बायकांनाही कळलं पाहिजे. त्यांना बहुधा ठाऊक नसावं, की सोपं करून सांगण्याचा मला पहिल्यापासून नाद आहे. इतर मेकॅनिक गिऱ्हाइकाला घाबरवतात, मी समजावतो. गिऱ्हाइकाच्या घरातली वस्तू घ्यायची आणि तिच्यावरून गाडी सांगायची, ही माझी रीत. लोक म्हणायचे, जगदाळे, तुम्ही मास्तर व्हायला हवं होतं. मला ते ऐकून बरं वाटायचं. आता तितकंसं वाटत नाही, का ते पुढे येईलच.

आधी मिक्शर म्हणजे काय ते सांगतो. इंजिनाला पेट्रोल लागतं तशी हवाही लागते आणि दोन्हींचं प्रमाण ठरलेलं असतं. तुमच्या ओट्यावरची शेगडी बघा. ज्योत निळी असेल तर गॅस आणि हवा यांचं जमलेलं आहे. ज्योत पिवळी पडली आणि पातेल्याचं बूड काळं व्हायला लागलं, की समजावं बिघडलं. गाडीचंही तेच. पेट्रोल जास्त झालं किंवा हवा कमी पडली, की मिक्शर रिच होतं. मग मागून काळा धूर, डोक्यात जाणारा वास, काजळी धरलेले ठिणगी पाडणारे प्लग, आणि पेट्रोलचा काटा बघता बघता खाली. पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, या वाक्याला दोन बाजू आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं. मी विसरलो होतो.

विसरलो त्याला कारण विश्रांतवाडीचा रोहन. आयटीत नोकरी, पगार चांगला, आणि सगळा जीव एका जुन्या गाडीवर. त्याने गाडीचा फ्युएल पंप बदलला होता. ज्याच्यापुढे आपण रांग लावतो तो पंप नव्हे. टाकीतलं पेट्रोल ओढून इंजिनापर्यंत पोचवणारा छोटा पंप, तो. कंपनीचा काढून याने परदेशातून दुप्पट ताकदीचा मागवला. गाडी पळायची ती धूर सोडायला लागली. तीन ठिकाणी लॅपटॉप जोडून झाले, तिन्ही लॅपटॉपांनी गाडी निर्दोष ठरवली, तेव्हा कुणी तरी त्याला माझं नाव सांगितलं. तो उतरताच म्हणाला, ‘‘काका, पंप अपग्रेड केलाय आणि कार एकदम स्मोकच करतेय. व्हिडिओत तर इझी दाखवलं होतं.’’

मी पाइपाला प्रेशरचा काटा लावला. दाब असायला हवा त्याच्या बराच वर. मग त्याला सांगितलं, की बाबा, समज तुझ्या घरात नळ रोज दहा सेकंद उघडायचा आणि त्यात तांब्या भरतो असं ठरलेलं आहे. आता गच्चीवर तू मोठी मोटर बसवलीस. नळ अजूनही दहाच सेकंद उघडतोय, पण तांब्याच्या जागी कळशी भरतेय. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतंय तांब्याच भरला. उरलेलं पेट्रोल टाकीत परत पाठवायला एक नळी असते आणि दाब धरून ठेवणारा एक रेग्युलेटर असतो. पंप दुप्पट केला तर या दोघांनाही मोठं करावं लागतं. घरात माणसं वाढली की मोरीचं भोकही मोठं लागतं.

नाना पेठेतून रेग्युलेटर आणला, परतीची नळी जाड घातली, काटा जागेवर आणला. धूर बंद. रोहनने माझ्या तांब्या-कळशीचा व्हिडिओ करून टाकला आणि तो बऱ्याच पोरांनी बघितला. त्यानंतर पंप बदलून धूर काढणारी चार-पाच गाड्या माझ्याकडे आल्या आणि चारही पाचही मी त्याच काट्याने बऱ्या केल्या. माझी मान थोडी ताठ झाली. पंप बदलला आणि धूर आला, म्हणजे दाब जास्त, हे माझ्या डोक्यात सिमेंटसारखं बसलं.

अशा वेळी ओक साहेब आले.

ओक साहेब म्हणजे एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. वय अठ्ठ्याहत्तर, कपड्यांना इस्त्री, जिभेलाही. राहायला सिंहगड रोडवरच्या एका सोसायटीत. त्यांची गाडी मोतिया रंगाची, कार्बुरेटरच्या जमान्यातली, आणि पुण्यात त्या रंगाची आता बहुधा एकच उरली असावी. दर रविवारी सकाळी बॉनेट उघडून तेल-पाणी बघायचं, हा त्यांचा नेम. गाडीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. मी लावायचो तेव्हाही ते शेजारी उभे असत. आणि सगळं लेखी. गाडी दुरुस्तीला टाकताना ते मला अर्ज द्यायचे, त्यात विषय, संदर्भ आणि मुद्दे क्रमाने लिहिलेले असायचे. तोंडी काही सांगितलं की म्हणायचे, ‘‘लेखी द्याल का?’’

गाडी चढावर दम तोडत होती. स्वारगेटच्या पुलावर मध्येच बसायची. बघितलं तर पंपाचा रबरी पडदा पार म्हातारा झालेला, पेट्रोल वर पोचतच नव्हतं. तसला पंप नाना पेठेत शोधला, तर दुकानदार म्हणाला, हा तुम्हाला आता संग्रहालयात मिळेल. मग मी विजेवर चालणारा नवा पंप बसवायचं ठरवलं.

यात नुसती हौस नव्हती, ते सांगायला हवं. गाडीचं रजिस्ट्रेशन संपत आलं होतं. जुन्या गाडीला ते पुन्हा मिळवायचं तर आधी धुराचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे पीयूसी, आणि मग तपासणी. ओकांच्या मुलीने वडिलांना निक्षून सांगितलं होतं, की या खेपेला गाडी पास झाली नाही तर भंगारात द्यायची. तिचंही चूक नव्हतं. पण ओक काकूंचे गुडघे वाकत नाहीत. हल्लीच्या गाडीत त्या बसू शकत नाहीत. एकदा भाड्याच्या गाडीत बसल्या तर त्यांना बाहेर काढायला दोन माणसं लागली होती. रिक्षात हिसके सोसत नाहीत. या मोतिया गाडीचं दार मोठं, पुढची सीट उंच आणि सपाट, पाटावर बसावं तशा त्या बसत. आणि दर गुरुवारी त्या गाडीने मांजरीला जात. तिथे त्यांची थोरली बहीण, आक्का, अंथरुणाला खिळलेली. आक्कांना घराबाहेर पडता येत नव्हतं, काकूंना दुसऱ्या वाहनात बसता येत नव्हतं. गाडी गेली असती तर दोघी बहिणी एकाच गावात असून एकमेकींना दिसल्या नसत्या. काकू मला एवढंच म्हणाल्या होत्या, ‘‘जगदाळे, आक्का आहे तोवर गाडी राहू दे.’’

नवा पंप बसवला. गाडी पोरीसारखी चालायला लागली. ओक साहेबांनी मान हलवली, त्यांच्या हिशेबाने हा सत्कारच. गाडी घरी गेली आणि तिसऱ्या दिवशी अर्ज आला. विषय: आपण बसविलेल्या पंपामुळे वाहनातून काळा धूर येत असल्याबाबत.

‘‘जगदाळे,’’ ते म्हणाले, ‘‘आपण पंप बसवलात की धूपदान?’’

मला गंमत वाटली. पंप बदलला, धूर आला. हे तर माझं पाठ. कार्बुरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारं भांडं, त्यात पेट्रोलची एक छोटी वाटी असते. गच्चीवरच्या टाकीत जसा फुगा असतो, पाणी भरलं की वर येऊन नळ बंद करणारा, तसाच फुगा तिच्यात. पंपाचा जोर जास्त झाला की फुग्याला तो आवरत नाही आणि वाटी वाहते. मी बॉनेट उघडलं, फुग्याखालची सुई नवी घातली, इंजिन चालू केलं. धूर नाही, वास नाही. ओक साहेबांना सांगितलं, चला शेजारीच पीयूसी काढू.

त्यांनी नकार दिला. कारण ऐका. ‘‘तो पीयूसीवाला आपल्याबरोबर चहा पितो. त्याने दिलेलं प्रमाणपत्र खरं असलं तरी मला खरं वाटणार नाही.’’ त्यांच्या घराजवळ एक केंद्र होतं, तिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं, आणि त्यांच्या दृष्टीने हीच त्या केंद्राची लायकी. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिथे गेले आणि गाडी नापास झाली.

दुसरा अर्ज. संदर्भ: आपले तोंडी आश्वासन. आता मी काटा काढला. दाब मोजला, थोडा जास्त निघाला, तेव्हा मला कोण आनंद झाला. रेग्युलेटर बसवला, परतीची नळी टाकली. काम इतकं देखणं झालं, की पुतण्याला बोलावून दाखवलं. इंजिन लावलं, आवाज मऊ, प्लग कोरड्या विटकरी रंगाचे, म्हणजे अगदी हवे तसे. ओक साहेब घरी गेले. सकाळी पुन्हा नापास.

आता मला झोप येईना. गाडी माझ्याकडे बरी असायची आणि त्यांच्या घरी जाऊन आजारी पडायची. मी पेट्रोल बदलून बघितलं. त्यांच्या पार्किंगला उतार आहे का विचारलं. शोभाने सुचवलं की गाडीला दृष्ट लागत असेल, लिंबू-मिरची बांधा. ओक साहेबांना हे विचारायची माझी छाती झाली नाही. त्यांनी तिसऱ्या अर्जात लिहिलं होतं: आपले गॅरेज व आमचे निवासस्थान यांतील हवामानात फरक असल्यास तसे कळवावे.

तिसऱ्या वेळी मी कार्बुरेटर सगळा उघडला, एक एक भोक फुंकलं, पुन्हा जोडला. गाडी बरी. सकाळी नापास. पोरांचे व्हिडिओ बघून आलेली गिऱ्हाइकं बाकावर बसलेली असायची आणि त्यांच्यादेखत ओक साहेब मला अर्ज द्यायचे. मी त्यावर सही करून पोच द्यायचो.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. त्या दिवसांत माझ्याकडे फडकी फार चांगली येत होती. गॅरेजमध्ये हात पुसायला चिंध्या लागतात, जुन्या बनियनचे तुकडे, बोळे, जे मिळेल ते. पण मधूनच माझ्या हाताला एखादं पांढरं, मऊ, चौकोनी मलमलचं फडकं लागायचं. चारी कडा हाताने दुमडून शिवलेल्या. कार्बुरेटर पुसावा तर त्यानेच. मला वाटायचं शोभा पाठवते. एकदा तिचे आभार मानले, तर ती म्हणाली, मी कशाला तुमच्या काळ्या हातांसाठी मलमल शिवू. मग मी तो विषय सोडून दिला.

तपासणीची तारीख चार दिवसांवर आली. मी ठरवलं, रोगी दवाखान्यात येऊन बरा होत असेल तर डॉक्टरने घरी जाऊन बघावं. आदल्या संध्याकाळीच गाडी माझ्याकडून बरी होऊन गेली होती. सकाळी साडेसहाला, ओक साहेब अंघोळीला असतील अशा बेताने, मी न कळवता त्यांच्या सोसायटीत गेलो.

पार्किंगमध्ये मोतिया गाडीचं बॉनेट उघडं होतं. ते टेकवायच्या लोखंडी दांडीच्या जागी चालताना धरायची काठी लावलेली. आणि ओक काकू गाडीवर ओणवून काही तरी बांधत होत्या.

इंजिनाला हवा देणारा एक गोल डबा असतो, त्यात धूळ अडवणारा फिल्टर. डब्याला पुढे एक सोंड, हवा तिच्यातून आत जाते. काकूंनी त्या सोंडेच्या तोंडावर पांढरं मलमलचं फडकं चार पदरी घडी करून लावलं होतं आणि वरून दोरा गुंडाळून गाठ मारत होत्या.

‘‘काकू, हे काय करताय?’’

‘‘हळू बोला, हे वर आहेत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘फडकं बांधतेय, दुसरं काय. दर वेळी गाडी तुमच्याकडे जाऊन आली की फडकं गायब. तुमच्याकडे कुणी तरी चोरतं, जगदाळे. मी बोलले नाही. म्हटलं, असेल कुणी गरजू.’’

तो गरजू माणूस मी होतो. कुठलीही नळी उघडली की तिच्या तोंडात कचरा जाऊ नये म्हणून फडकं लावायचं आणि काम सुरू करताना ते काढायचं, हे चाळीस वर्षं माझे हात करत आलेत. त्यात डोक्याचं काम नसतं. बॉनेट उघडलं, सोंडेवर फडकं दिसलं, की हाताने ते ओढून खांद्यावर टाकलं. इंजिनाजवळचं फडकं म्हणजे माझंच. मी सुई बदलली, रेग्युलेटर बसवला, भोकं फुंकली. आणि गाडी बरी झाली होती ती यातल्या कशानेही नाही. फडकं काढल्याने. ते मला कळलंच नाही, कारण ते काम मी काम म्हणून धरलंच नव्हतं.

‘‘पण फडकं कशाला?’’ मी विचारलं.

‘‘अहो, कशाला काय? तुम्हीच नाही का सांगितलंत?’’

आणि मला आठवलं. तीन वर्षांपूर्वी रस्त्यावर पुलाचं काम निघालं, सिंहगड रोडला धुळीचे लोट. तेव्हा काकूंनी मला विचारलं होतं, ही धूळ गाडीत जात असेल का. मी माझ्या रीतीप्रमाणे फिल्टर काढून दाखवला आणि म्हणालो, काकू, तुम्ही स्वयंपाकघरातल्या नळाला फडकं बांधता ना, तसंच हे. काकूंनी ते मनावर घेतलं. घरच्या नळाला बांधतो तर गाडीच्या नळाला का नको. त्यात आत आधीच एक गाळणं आहे याची त्यांना अडचण वाटली नाही. त्यांच्याकडे पाणीही फडक्यातून गाळून मग फिल्टरच्या यंत्राला लावतात. दर शनिवारी त्या घरचं फडकं बदलत, त्याबरोबर हेही बदलत. मी ओढून नेलं की नवं शिवत.

तीन वर्षं हे चाललं आणि काही बिघडलं नाही, कारण जुना पंपही मेला होता. हवा कमी, पेट्रोलही कमी. दोन लंगडे एकमेकांचा खांदा धरून नीट चालत होते. मी एकाला धट्टाकट्टा केलं आणि दुसरा आडवा झाला. पेट्रोल जास्त नव्हतं, हवा कमी होती. वाक्याची दुसरी बाजू.

काकूंनी माझ्या तोंडाकडे बघितलं, फडक्याकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

‘‘म्हणजे तो धूर याने?’’

मी हो म्हणालो. खोटं बोलायचं सुचलं नाही.

त्या काठीशिवाय उभ्या होत्या, त्यांनी गाडीला धरलं. ‘‘यांना सांगू नका,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बावन्न वर्षांच्या संसारात यांनी मला या गाडीच्या बॉनेटला हात लावू दिला नाही. आणि मी लावला तर हे. माझ्याच हाताने आक्काची वाट बंद करत होते मी.’’ त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला इतकं वाईट वाटलं, की रोहनचा व्हिडिओ, तांब्या, कळशी सगळं त्या क्षणी नको झालं.

तेवढ्यात लिफ्टचं दार वाजलं. मी गाठ तोडली आणि फडकं खिशात घातलं.

ओक साहेब केसांतून पाणी निथळत आले. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं असेल, पण ते त्यांनी दाखवलं नाही. मी म्हणालो, ‘‘साहेब, सापडलं. पंपाचा दाब जास्त राहिला होता. चूक माझीच.’’

त्यांनी इंजिनाकडे बघितलं, मग काकूंकडे, मग बॉनेटकडे. ‘‘हिची काठी तिथे काय करतेय?’’

‘‘मीच मागितली. दांडी सरकत होती.’’

‘‘हं. दाबाचं लेखी द्याल?’’

‘‘देईन,’’ मी म्हणालो.

त्याच सकाळी गाडी पीयूसीला पास झाली. केंद्रावरच्या माणसाने आकडा दोनदा बघितला. चार दिवसांनी तपासणीतही पास. मुलीने फोनवर वडिलांचं अभिनंदन केलं, ते तिला नाइलाजाने करावं लागलं असावं.

पुढच्या गुरुवारी ओक साहेबांनी मलाही मांजरीला नेलं. वाटेत काही झालं तर जबाबदार माणूस गाडीत असावा, असं त्यांचं म्हणणं. स्वारगेटचा पूल गाडी एका दमात चढली. मी मागे बसलो होतो आणि कान इंजिनाकडे लावले होते. काकू पुढे ताठ बसलेल्या, मांडीवर डबा. मांजरीला आक्कांच्या खोलीची खिडकी रस्त्यावर आहे. ओक साहेबांनी नेहमीसारखा एकदाच हॉर्न दिला. आम्ही आत गेलो तेव्हा आक्का उशीला टेकून बसल्या होत्या, केस विंचरलेले. बहिणीचा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, ‘‘तीन गुरुवार झाले. मला वाटलं, संपलं आता आपलं.’’ काकू डबा उघडायला लागल्या. मी बाहेर येऊन उगाचच टायरची हवा बघितली. आयुष्यात हजारो गाड्या चालू केल्या असतील, पण त्या दिवसाइतका मला या धंद्याचा अभिमान वाटला नाही, आणि त्या दिवसाइतकी लाजही.

आता पुढचं. ओक साहेबांनी माझी चूक जगजाहीर केली. सकाळच्या फिरणाऱ्यांत, सलूनमध्ये, बँकेच्या रांगेत, सोसायटीच्या सभेत. ‘‘जगदाळे माणूस प्रामाणिक, पण पंपात चुकला. कबूल केलं त्याने.’’ त्यांच्या सोसायटीतली दोन जुनी गिऱ्हाइकं तुटली. तिसऱ्याने पंपाचं काम दुसरीकडे केलं आणि तेलाचं माझ्याकडे ठेवलं. पुतण्या चिडला. मी त्याला म्हणालो, जाऊ दे, म्हातारा आहे. पण खरं सांगतो, मनात मला ते लागत होतं. चाळीस वर्षांत पंपात मी चुकलो नव्हतो, आणि चुकलो म्हणून नाव झालं ते पंपातच.

खंडेनवमीला आम्ही हत्यारांची पूजा करतो. पाने, पकडी, तो दाबाचा काटा, सगळं पाटावर मांडून झेंडूची फुलं वाहिली होती, तेव्हा ओक साहेब आले. हातात कागदात बांधलेलं पुडकं. म्हणाले, ‘‘हिने दिलंय. काय आहे ते मी विचारलं नाही.’’ मी उघडलं. मलमलची फडकी, घडी घातलेली, चारी कडा शिवलेल्या, चांगला गठ्ठा.

ओक साहेबांनी फडक्यांकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. चहा आला, तो घेतला. मग म्हणाले, ‘‘मी दर रविवारी बॉनेट उघडतो.’’

मला समजायला एक घोट लागला. तीन वर्षं दर रविवारी तेल-पाणी बघणारा माणूस. फडकं बांधायचं शनिवारी.

‘‘म्हणजे तुम्हाला दिसत होतं?’’

‘‘गाठ तिची आहे हे कळत होतं. डब्याच्या पिशवीला ती तीच गाठ मारते.’’

‘‘मग काढलं का नाहीत?’’

‘‘तिला मी या गाडीत कधी काही करू दिलं नाही. ती आपली काही तरी करत होती. म्हटलं, करू दे. धूर त्याने येत असेल हे मला कुठून कळणार, मला फायली कळतात. काठी बघितली तेव्हा उमगलं.’’

‘‘आणि मग गावभर माझी चूक सांगत का फिरता?’’

‘‘न सांगितली तर तिला संशय येईल,’’ ओक साहेब शांतपणे म्हणाले. ‘‘एवढी मोठी चूक दुसऱ्याची सापडली आणि मी गप्प बसलो, असं माझ्या बाबतीत झालेलं तिला ठाऊक नाही.’’

मी त्यांना दुसरा अर्धा कप दिला.

या अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा मी त्यांच्याकडे परवानगी मागायला गेलो. नाव ओकच ठेवू का, ते विचारलं. काकू हा अंक दर वर्षी घेतात, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचतात, हेही आठवण करून दिलं. ते म्हणाले, ‘‘वाचू दे. मला फडक्याचं ठाऊक होतं, हे तिला माझ्या तोंडून सांगणं आता या वयात जमायचं नाही. आपण छापलंत तर बरं होईल. फक्त ते दाबाचं आपण लेखी देणार होतात, ते अजून आलेलं नाही.’’

ते आता देतो.

लिहून देण्यात येते की, ओक साहेबांच्या मोतिया रंगाच्या गाडीतून काळा धूर आला, त्याला पंप कारण नव्हता आणि काकूंचं फडकंही कारण नव्हतं. काकूंना जे सांगितलं ते त्यांनी चोख केलं. ‘नळाला फडकं बांधता ना, तसंच हे,’ असं सांगणारा माणूस मी होतो. सबब चूक माझी. गाडी सध्या उत्तम चालते आहे आणि गुरुवार चुकत नाहीत.

सही,
दत्तात्रय जगदाळे